संताच्या हातांतील राजदंड

आमच्या घराण्याचा एक जुना दंडक आहे. कुलदैवत श्रीमंगेश, तेव्हां वर्षा-दोन वर्षांनीं गोमंतकांत जाणें ओघानेंच येतें. परंतु मंगेशीस जातांना वाटेंत जुनें गोवें लागलें तर तेथें थांबावयाचें नाहीं, आणि थांबणें भागच पडलें तर पाण्याचा थेंब तोंडांत घ्यावयाचा नाहीं. आमच्या आजीनें हा नेम आमरण पाळला. तिला तो तिच्या सासूनें सांगितला होता, आणि त्या सासूला तिच्या सासूनें. कारण विचारलें म्हणजे आजी एवढेंच म्हणे, "बाबा रे, त्या गांवानें आपला देव रात्रींचा नदीपार न्यावयास लावला."

वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, गेल्या माघांत, हा नेम आम्हीं मोडला. तो कां मोडला व मोडून काय पदरीं पडलें, हें वाचकांस सांगावें म्हणून हा लेख.

निमित्त घरांतलेंच झालें. आमचें कुटुंब एकत्र. रात्रींच्या पंक्तीस लहानथोर मिळून चौदा पानें मांडावीं लागतात. एके रात्रीं जेवतांना गोष्टींवरून गोष्ट निघाली आणि आमचे पुतणे चिरंजीव माधव म्हणाले, "तात्या, गोव्यांत फिरंग्यांनीं आपल्या लोकांचे काय हाल केले हें तुम्हींच आम्हांस लहानपणीं सांगितलें. सरकार त्यांचें होतें म्हणून त्यांचा धर्म वाढला. आतां सरकार आपलें आहे. मग त्यांच्याच मापानें त्यांस मोजून परत द्यावयास काय हरकत आहे?" धाकट्या सूनबाई वाढीत होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या शाळेंत शेजारच्या वर्गावर ख्रिस्ती बाई आहेत. त्यांनीं कोणाचा देव काढला?" पंगत गप्प झाली व सर्वांचे डोळे आमच्याकडे लागले. वडीलकीच्या नात्यानें कांहीं बोलणें प्राप्त होतें. परंतु आम्हीं ताकाची वाटी उचलली, आपोष्णी घेतली आणि उठलों.

त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. पस्तीस वर्षें मास्तरकी केल्यावर एक गोष्ट अंगवळणीं पडते; ती ही कीं, मुलाचें उत्तर चुकलें तर आधीं आपलें शिकविणें तपासावें. माधवाला गोष्ट आम्हींच सांगितली होती, व ती अर्धीच सांगितली होती. उरलेली अर्धी आम्हांसही नीट ठाऊक नव्हती, कारण जें गांव पाहावयाचें नाहीं अशी शपथ, त्याचा इतिहास तरी कोण उलगडून वाचतो? सकाळीं कुटुंबापाशीं विषय काढला. ती म्हणाली, "अहो, आजेसासूबाईंनीं नेम घालून दिला तो देवासाठीं कीं रागासाठीं, हें एकदां ठरवा. देवासाठीं असेल तर मोडूं नका." या प्रश्नाचें उत्तर शोधावयासच आम्ही उभयतां निघालों.

रत्नागिरीहून कोंकण रेल्वेनें निघालें म्हणजे थिवीं मागें पडल्यावर गाडी मांडवी ओलांडते आणि थोड्याच वेळांत करमळीचें स्टेशन येतें. शेजारींच करमळीचें विस्तीर्ण तळें. थंडीच्या दिवसांत त्यावर पाणपक्ष्यांची दाटी असते. तेथून रिक्षानें जुनें गोवें अगदीं जवळ. माडांच्या शेंड्यांवरून पांढरे मनोरे दिसूं लागतात व मोठें शहर आलें असें वाटतें. परंतु आंत शिरतांच ध्यानांत येतें कीं शहर नाहींच. एके काळीं 'पूर्वेचें रोम' म्हणून जें गाजलें, तेथें आज हिरवळ, भव्य ख्रिस्तमंदिरें, आणि त्यांमध्यें मोकळी जागा. घरें, बाजार, वाडे, सर्व गेले. रोगराईनें लोक गांव सोडूं लागले, सन १७५९ मध्यें व्हॉइसरॉयानें आपलें बिऱ्हाड पणजीस हलविलें, आणि मागें राहिलीं तीं देवाचीं घरें, माणसांवांचून. सन १९८६ पासून हीं मंदिरें जागतिक वारशाच्या यादींत आहेत.

आम्ही प्रथम गेलों तें से कॅथीड्रल नांवाच्या मुख्य मंदिरांत. अफोन्सो द आल्बुकेर्क यानें आदिलशहाच्या अंमलदारांकडून हें शहर २५ नोव्हेंबर १५१० रोजीं कायमचें घेतलें. तो दिवस सेंट कॅथरिनचा, म्हणून हें मंदिर तिच्या नांवें. बांधकामास सन १५६२ मध्यें आरंभ झाला व मुख्य इमारत उठावयास सन १६१९ उजाडलें. दर्शनी भागास दोन मनोरे होते. त्यांतील एक सन १७७६ मध्यें कोसळला, तो पुन्हां बांधला गेला नाहीं. एकाच मनोऱ्याचें तें मंदिर पाहून एका बाजूचें ओझें टाकून दिलेल्या कावडीची आठवण झाली. पुढें जें पाहिलें त्यावरून ही उपमा आम्हांस अधिकच पटली.

ती कावड कोणती, हें थोडें समजावून सांगितलें पाहिजे. पंधराव्या-सोळाव्या शतकांत पोपनें पोर्तुगालच्या राजाशीं एक व्यवस्था ठरविली. तिला पाद्रोआदो म्हणतात. आपल्या भाषेंत धर्माचें यजमानपद म्हणावें. नव्यानें सांपडलेल्या मुलुखांत राजानें मंदिरें बांधावीं, पाद्र्यांस आपल्या गलबतांतून न्यावें, त्यांचे पगार आपल्या खजिन्यांतून द्यावे. आणि याच्या मोबदल्यांत बिशप कोण व्हावा हें राजानें सुचवावें. गोव्यास सन १५३४ मध्यें बिशपची गादी मिळाली व सन १५५७ मध्यें ती आर्चबिशपची झाली. वरकरणीं पाहतां दोघांचीही सोय! राजाला मुलूख राखावयास धर्माचें बळ, आणि धर्माला पसरावयास राजाची तलवार. परंतु ज्याचा पगार घ्यावा त्याचा हुकूम मोडतां येत नाहीं, आणि ज्याच्या आशीर्वादावर राज्य चालवावें त्याचा हट्टही मोडतां येत नाहीं. दोघेही एकमेकांचे मिंधे झाले, आणि भोगावें लागलें तें तिसऱ्याच माणसाला.

तो तिसरा माणूस म्हणजे आमचा पूर्वज. सन १५४० च्या सुमारास तिसवाडी बेटावरील देवळें पाडलीं गेलीं. सन १५५९ मध्यें हुकूम निघाला कीं, हिंदूंचीं पोरकीं मुलें सरकारनें ताब्यांत घेऊन त्यांस बाप्तिस्मा द्यावा. सन १५६७ मध्यें साष्टींतील देवळांची पाळी आली. देवळांच्या जमिनी मंदिरांकडे लावल्या, सरकारी कामें ख्रिस्त्यांसाठीं राखून ठेविलीं, आणि लग्नमुंजी उघडपणें करणें हा गुन्हा ठरला. तेव्हां कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेरण्याची म्हाळसा, लोटलीचा रामनाथ, असे एकामागून एक देव नदी ओलांडून अंत्रूज महालांत, म्हणजे आजच्या फोंड्यांत, गेले. तो मुलूख तेव्हां आदिलशाहींत मोडत होता. मुसलमान बादशहाच्या हद्दींत देव सुरक्षित, आणि आपल्या गांवीं नाहींत! हाच महाल सन १७६३ मध्यें पोर्तुगीजांकडे आला, तेव्हां मात्र त्यांनीं तेथील देवळांस हात लाविला नाहीं. दोनशें वर्षांत सरकार तेंच राहिलें, धर्म तोच राहिला. बदलली ती गरज. राज्याच्या गरजेप्रमाणें पातळ व दाट होणारी ती निष्ठा देवाची म्हणावी कीं खजिन्याची?

रस्ता ओलांडला कीं समोर बॉम जेझूसचें मंदिर. सन १५९४ मध्यें आरंभ, १६०५ मध्यें प्रतिष्ठा. उघड्या तांबूस दगडाचें तें मंदिर बाहेरून पांढऱ्या मंदिरांहून अधिक गंभीर दिसतें. आंत सेंट फ्रान्सिस झेविअरचें शव रुप्याच्या पेटींत ठेविलेलें आहे. ती पेटी सन १६३७ मध्यें गोव्याच्याच सोनारांनीं घडविली; खालची संगमरवरी बैठक टस्कनीच्या ड्यूकनें पाठविली, ती सन १६९८ मध्यें बसली. दर दहा वर्षांनीं शव दर्शनासाठीं खालीं उतरवितात. मागील दर्शन नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ असें झालें.

झेविअर सन १५४२ मध्यें गोव्यास आला व सन १५५२ मध्यें चीनच्या किनाऱ्याजवळ एका बेटावर वारला. दहा वर्षांत त्यानें केलेली पायपीट, कोळ्यांच्या वस्त्यांतील त्याचें राहणें, रोग्यांची शुश्रूषा, हें शत्रूनेंही मान्य करावें. परंतु त्याच पुरुषानें सन १५४६ मध्यें पोर्तुगालच्या राजास पत्र लिहून गोव्यांत इन्क्विझिशन, म्हणजे धर्मचौकशीचें न्यायालय, पाठवा अशी मागणी केली. लोकांचें मन आपल्या शब्दानें वळेना, तेव्हां राजाच्या शिपायानें तें राखावें असें त्यास वाटलें. संताचा पाय येथें घसरला असें आम्हांस वाटतें. तें न्यायालय त्याच्या मरणानंतर, सन १५६० मध्यें, आलें.

याच पेटीशीं आम्हां मराठ्यांच्या इतिहासाचा एक प्रसंग गुंतला आहे. सन १६८३ च्या नोव्हेंबरांत छत्रपति संभाजीराजांच्या फौजेनें शहराजवळचें जुवें बेट घेतलें. शहर आज पडतें कीं उद्यां, अशी वेळ. तेव्हां व्हॉइसरॉय काउंट द आल्व्होर यानें रात्रीं या मंदिरांत येऊन पेटी उघडविली, आपल्या अधिकाराचा दंड संताच्या हातीं ठेविला, आणि आतां हें राज्य तूं सांभाळ अशी त्याची करुणा भाकली. पुढें मोंगलांची फौज कोंकणांत उतरल्यामुळें राजांस माघारीं वळावें लागलें आणि शहर वांचलें. तेव्हांपासून राज्याचा दंड संताच्या पायांशीं नेण्याची चालच पडली. प्रसंग ऐकतांना कोणाचेंही मन हेलावेल. परंतु त्याच काउंटानें दुसऱ्याच वर्षीं, सन १६८४ मध्यें, फर्मान काढलें कीं, तीन वर्षांच्या आंत लोकांनीं आपली कोंकणी टाकून पोर्तुगीज बोलावी. ज्या हातांनीं दंड संताकडे सोंपविला त्याच हातांनीं तो परत घेऊन लोकांच्या जिभेवर मारला! संताला राज्य नको होतें. तो तर मरून सव्वाशें वर्षें झालीं होतीं. दंड त्याच्या हातीं दिला म्हणजे जाब विचारावयास मात्र कोणी उरत नाहीं.

मंदिरांतून निघून आम्ही त्या मोकळ्या जागेंत उभे राहिलों जेथें इन्क्विझिशनचा वाडा होता. लोक त्याला नुसतें 'मोठें घर' म्हणत. नांव उच्चारावयाचीही भीति. आज त्याचा दगडही उरलेला नाहीं. हें न्यायालय मधलीं चार वर्षें वगळतां सन १८१२ पर्यंत चाललें. आमची समजूत अशी कीं येथें हिंदूंसच छळीत. वाचून पाहिलें तों निराळेंच निघालें. हिंदूही सांपडत हें खरें. परंतु या न्यायालयापुढें उभे राहणारे अधिकतर बाप्तिस्मा घेतलेले ख्रिस्तीच. कोणी घरांत तुळस ठेविली, कोणी जुना सण पाळला, कोणी यहुदी वंशाचा निघाला. गार्सिया द ओर्ता हा वैद्य, ज्यानें आपल्या देशांतील औषधींवर लिहिलेला ग्रंथ सन १५६३ मध्यें गोव्यांतच छापला, तो मेल्यावर दुसऱ्या वर्षीं त्याच्या बहिणीस जिवंत जाळलें, आणि सन १५८० मध्यें त्याचीं हाडें उकरून तींही जाळलीं. दलॉन नांवाचा फ्रेंच वैद्य ख्रिस्तीच होता. येथील कोठडींतून सुटून त्यानें सन १६८७ मध्यें जी हकीगत छापली, तिनें साऱ्या युरोपास हें घर कळलें.

मलबारांतील सेंट थॉमसचे म्हणविणारे ख्रिस्ती तर कित्येक शतकें हिंदु राजांच्या छत्राखालीं सुखानें नांदत होते. त्यांच्या पाठीशीं कधीं सरकार नव्हतें, आणि त्यांस त्याची गरजही भासली नव्हती. गोव्याच्या आर्चबिशप मेनेझिस यानें सन १५९९ मध्यें उदयंपेरूर येथें सभा भरवून त्यांच्या सीरियन पोथ्या जाळविल्या व त्यांस आपल्या वळणास लाविलें. हाच आर्चबिशप पुढें कांहीं काळ गोव्याचा गव्हर्नरही होता. दोन्ही टोप्या एकाच डोक्यावर! सन १६५३ मध्यें त्या ख्रिस्त्यांनीं क्रूसाला दोर बांधून, तो हातीं धरून, या जोखडाविरुद्ध शपथ घेतली. म्हणजे सरकारी ख्रिस्ती धर्माचा जाच सर्वांत आधीं बिनसरकारी ख्रिस्त्यांस झाला. हें आम्हीं माधवास कधींच सांगितलें नव्हतें.

आणि मूळ पाहूं जातां, ज्याच्या नांवानें हें झालें त्या ख्रिस्तास क्रूसावर चढविलें तें रोमन सरकारच्याच सुभेदाराच्या हुकुमानें. विचारावयास आलेल्यांस नाण्याचा दाखला देऊन राजाचा वांटा निराळा व देवाचा निराळा असें त्यानें स्वतःच समजाविलें होतें. पहिलीं तीनशें वर्षें हा धर्म सरकारावांचून, किंबहुना सरकारच्या छळांतून, वाढला. सन ३१३ मध्यें बादशहा कॉन्स्टंटाइन यानें त्यास मोकळीक दिली, सन ३८० मध्यें थिओडोशिअस यानें त्यास राज्याचा धर्म ठरविलें. आणि छळ सोसणारे पुढें छळावयास शिकले. आपल्याकडे 'यथा राजा तथा प्रजा' ही म्हण आचरणाविषयीं आहे. युरोपांत सन १५५५ मध्यें तिचा तहच केला: ज्या राजाचा जो पंथ, त्या प्रजेचा तोच पंथ. गोव्यांत आलें तें हेंच बीं.

दुपारीं आम्ही टेकडीवरील सेंट ऑगस्टीनच्या पडक्या मंदिराकडे गेलों. केवढा तो मनोरा, आणि आतां त्याचा अर्धाच उभा कांठ! ज्या सरकारनें यजमानपण घेतलें होतें, त्याचीच मर्जी फिरली. सन १७५९ मध्यें पोंबाल नांवाच्या प्रधानानें जेझुइटांस हांकलून दिलें. सन १८३४ च्या कायद्यानें उरलेल्या संन्याशांचे सर्व मठ बंद झाले. ऑगस्टिनियन निघून गेले, सन १८४२ मध्यें छत कोसळलें, सन १९३१ मध्यें दर्शनी भाग व अर्धा मनोरा पडला. राजानें बांधलेलें राजानेंच ओसाड केलें. याच ढिगाऱ्यांत जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिच्या अस्थि सांपडल्या. इराणच्या शहानें इस्लाम स्वीकार म्हणून तिचा छळ केला. तिनें ऐकलें नाहीं, म्हणून सन १६२४ मध्यें तिला ठार केलें. ऑगस्टिनियनांनीं तिच्या अस्थि गोव्यास आणिल्या. शास्त्रज्ञांनीं त्यांची ओळख सन २०१३ मध्यें पटविली व सन २०२१ मध्यें भारत सरकारनें त्यांतील कांहीं भाग जॉर्जियास अर्पण केला. एका टेकडीवर धर्मासाठीं मरण पत्करलेली राणी, आणि खालीं हांकेच्या अंतरावर धर्मासाठीं माणसें मारणारें घर! त्या राणीच्या अस्थींची पूजा करणाऱ्यांस तें घर कसें खपलें असेल?

नदीकडे उतरतांना व्हॉइसरॉयची कमान लागते. सन १५९९ मध्यें वास्को द गामाच्या पणतूनें, जो स्वतः व्हॉइसरॉय होता, ती बांधविली. सन १९५४ मध्यें ती नव्यानें उभारली. नदीच्या अंगास गामाचा पुतळा. शहराच्या अंगास एक स्त्रीमूर्ति, आणि तिच्या पायांखालीं एक एतद्देशीय पुरुष आडवा पडलेला. आम्ही पुष्कळ वेळ त्या आडव्या पुरुषाकडे पाहत राहिलों. आजीचा राग आम्हांस त्या क्षणीं पूर्ण समजला. तो राग खोटा नव्हता.

कमानीखालून धक्क्यावर जाऊन आम्ही दिवाड बेटाच्या फेरीबोटींत बसलों. बोटींत एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ भेटले; तेही निवृत्त मास्तर. मास्तराला मास्तर भेटला कीं ओळख व्हावयास वेळ लागत नाहीं. आग्रहानें त्यांनीं आपल्या घरीं नेलें. पडवींत बसून बोलतांना आम्हीं सरळ विचारलें, "मास्तर, त्या काळाविषयीं तुमच्या लोकांस काय वाटतें?"

ते कांहीं वेळ नदीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "तुमचा देव गेला, आमचें नांव गेलें, आडनांव गेलें, गाणीं गेलीं. गेलें तें दोघांचेंही, मास्तर." आणि मग त्यांनीं सांगितलें. याच दिवाडचा मातेउश द कास्त्रू. ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मणाचा मुलगा. गोव्याच्या आर्चबिशपनें त्यास पाद्री करावयाचें नाकारलें, कां तर तो एतद्देशीय. तो रोमला गेला, तेथें शिकला, आणि सन १६३७ मध्यें बिशप होऊन परत आला. तरी पोर्तुगीजांनीं त्यास आपल्या हद्दींत बिशपकी चालवूं दिली नाहीं. शेवटीं त्यास आदिलशाहीच्या मुलुखांत काम करावें लागलें! दीडशें वर्षांनीं, सन १७८७ मध्यें, गोव्याच्या पाद्र्यांनींच पोर्तुगीज सरकाराविरुद्ध कट केला. तो फुटला व पुष्कळांस शिक्षा झाल्या. "आणि आमचा जुझे वाज?" ते म्हणाले. सन १६५१ चा बाणावलीचा जन्म. सिलोनांत डच सरकार कॅथलिकांस छळीत होतें. डचही ख्रिस्तीच, परंतु पंथ निराळा. सन १६८७ मध्यें हा अनवाणी, मजुराच्या वेषांत तेथें शिरला. कँडीच्या बौद्ध राजानें प्रथम हेर समजून कैदेंत टाकलें व मग ओळखून आश्रय दिला. देवीची सांथ आली तेव्हां ज्यांस घरच्यांनीं टाकलें त्यांची यानें सेवा केली. सन १७११ मध्यें तो तेथेंच वारला आणि सन २०१५ मध्यें पोपनें त्यास संत म्हणून जाहीर केलें. मास्तर म्हणाले, "त्याच्या मागें गलबत नव्हतें, तोफ नव्हती, पगार नव्हता. त्यानें लाविलेलें झाड अजून उभें आहे."

तेव्हां आम्हांस आमच्या चुलत आजोबांनीं एकदांच, हळू आवाजांत, सांगितलेली गोष्ट आठवली. कुठ्ठाळीस दोघे भाऊ होते. थोरल्यानें देव उचलला व नदी ओलांडली. धाकट्यानें खाजनाची शेती व म्हातारी आई सोडली नाहीं. तो मागें राहिला व बाटला. आजीनें थोरल्याची गोष्ट सांगितली, धाकट्याची कधीं सांगितली नाहीं. जुन्या गोव्यानें आमचा देवच नव्हे, भाऊही नेला. आणि देव तर पुढें आम्हांस मंगेशीस भेटला. भावाच्या मुलाबाळांस आम्हीं कधीं शोधलें नाहीं. माधव ज्यांस मोजून परत द्यावयास निघाला होता, ते कदाचित् तेच.

घरांतून मास्तरांच्या पत्नी तांब्या-पेला घेऊन आल्या. "उदक घेयात," त्या म्हणाल्या. आम्हीं कुटुंबाकडे पाहिलें. ती कांहीं बोलली नाहीं. परंतु तिनें आपला पेला आधीं उचलला. मग आम्हींही घेतला.

संध्याकाळीं बेटाच्या दुसऱ्या टोंकाच्या फेरीनें नार्व्यास उतरलों. कदंबांचा सप्तकोटेश्वर मूळ दिवाडचा. तो येथें नेला, आणि सन १६६८ मध्यें शिवछत्रपतींनीं त्याचें देऊळ नव्यानें बांधविलें. तसा शिलालेख दारावर आहे. महाराजांनीं पडलेलें उभें केलें, आणि उभें असलेलें पाडून सूड घेतला नाहीं, हें त्या लहानशा देवळापुढें उभें राहिल्यावर मनांत ठसतें. परंतु आपल्याही घरचें झांकून ठेवूं नये. सन १७३९ मध्यें चिमाजी अप्पांनीं वसई घेतली, तेव्हां तेथील घंटा विजयचिन्हें म्हणून आल्या. नाशिकास व मेणवलीस त्या आजही आहेत व आपण त्या कौतुकानें दाखवितों. पेशवाईंत ग्रामण्यांचे निवाडे सरकारवाड्यांत होत. कोणीं कोणते संस्कार करावे, कोणत्या जातीनें धोतर कसें नेसावें, यांतही सरकारचा हात असे. इन्क्विझिशनशीं त्याची तुलना होणार नाहीं. परंतु खोड त्याच जातीची. त्याच वसईच्या ख्रिस्ती समाजांतील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं बायबल मराठींत आणिलें, व सन २०२० मध्यें उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचें अध्यक्षपद त्यांस मिळालें. जेथें दंड बाजूस राहिला तेथें भाषा दोघांची झाली. सन १६१६ मध्यें थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानें आपल्या ओवींत रचलेलें ख्रिस्तपुराण छापलें, तेंही लोक वाचीत तें त्यांतील मराठीच्या गोडीनें, कोणा शिपायाच्या धाकानें नव्हे.

दुसऱ्या दिवशीं मंगेशीस अभिषेक केला. नेम मोडल्याचें देवास सांगितलें आणि दीपमाळेपाशीं बसून विचार केला. पोर्तुगालांत सन १९१० मध्यें राज्यक्रांति झाली व पुढील वर्षीं धर्म आणि सरकार यांची फारकत करणारा कायदा आला, तेव्हां गोव्याच्या हिंदूंस बरोबरीचे हक्क मिळाले. सन १९४० मध्यें तेथील सरकारनें पोपशीं पुन्हां करार केला, तरी गेलेली मक्तेदारी तशीच परत आली नाहीं. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला, तेव्हां आम्ही दोन वर्षांचे होतों. आज भारताच्या संविधानाखालीं मंगेशाची घंटा व बॉम जेझूसची घंटा एकाच वाऱ्यावर जाते. फारकत झाल्यावर दोन्ही देव जिवंत राहिले. युतींत मात्र एकास पळावें लागलें होतें व दुसऱ्याच्या दारीं शहर ओसाड पडलें होतें.

घरीं आल्यावर पंक्तीस हें सर्व सांगितलें, धाकट्या भावाच्या गोष्टीसकट. माधव ऐकत होता. वाद घालील असें वाटलें, परंतु त्यानें इतकेंच विचारलें, "तात्या, तुम्हीं तेथें खरेंच पाणी प्यालां?"

"प्यालों," आम्हीं म्हटलें. "आणि पेला परत देतांना त्या बाईंस काय म्हणावें हें सुचेना. मास्तरांनींच सांगितलें, आमच्यांत अशा वेळीं 'देव बरें करूं' म्हणतात."

माधव बराच वेळ भात कालवीत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या खेपेस मीही येतों. पण दिवाडवरून जाऊं."